लोडिंग

फ्लॅट घेताना आपल्याकडच्या माणसाला दोन आकडे भेटतात. एक बिल्डरच्या छापील माहितीपत्रकात, दुसरा हातात टेप धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजल्यावर. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा हरवते, तिच्यात जिना असतो, लिफ्ट असते, पंपाची खोली असते, भिंतींची जाडीही असते. हे सगळं पैसे मोजून घेतलेलं असतं, पण त्यात पलंग टाकता येत नाही. रेरा कायदा २०१६ साली झाला, २०१७ च्या मेपासून तो पुरता लागू झाला, आणि जागेचा हिशोब कार्पेट एरियावरच करायचा असं ठरलं, तेव्हा निदान भांडण तरी एका आकड्यावर आलं. संगणकाच्या डिस्कला मात्र अजून रेरा लागलेला नाही.

पाचशे जीबीची म्हणून घरी आणलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते. यात चोरी कुणाचीच नसते. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. दोघेही आपापल्या पट्टीने खरंच बोलत असतात. ॲपलने २००९ मध्ये आपल्या मॅकला हजाराच्या पटीत मोजायला शिकवलं. त्यामुळे तीच डिस्क तिथे पुरती पाचशे दिसते. जागा तेवढीच, समाधान ३५ जीबीने जास्त. विंडोजवाल्याला हे कळलं की तो थोडा कुरकुरतो आणि गप्प बसतो. हे गणित आहे, आणि गणिताशी भांडून काही मिळत नाही हे शाळेतच कळलेलं असतं.

त्याला खरी टोचणी लागते ती शंभर एमबीची.

हे शंभर एमबी भेटतात डिस्क मॅनेजमेंटमध्ये. तिथे सहसा कोणी फिरकत नाही. सी ड्राइव्ह फुल झाला, कुठून काही जागा मिळते का हे बघायची वेळ आली, की माणूस तिथे पोचतो, म्हणजे आधीच पै-पैचा हिशोब करायच्या मनःस्थितीत असतो. समोर निळ्या कडेचा लांबलचक सी ड्राइव्ह दिसतो. आणि त्याच्या डाव्या हाताला एक चिंचोळा चौकोन. ‘सिस्टीम रिझर्व्हड, १०० एमबी.’ नव्या संगणकावर त्याच जागी ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ असतं आणि उजव्या टोकाला ‘रिकव्हरी पार्टिशन’ नावाचं आणखी एक बिऱ्हाड. यांना सी, डी, ई असं अक्षर नाही. एरवी ड्राइव्ह दिसतात तिथे यांचं नावही नाही. ईएफआय किंवा रिकव्हरीवर राइट क्लिक करावं तर यादीत फक्त ‘हेल्प’ जिवंत असतो. बाकी सगळे पर्याय फिके.

आता पाचशे जीबीत शंभर एमबी म्हणजे पाच हजारांत एक. हजार चौरस फुटांच्या फ्लॅटला हेच प्रमाण लावलं तर फूटभर फरशीचा पाचवा हिस्सा होतो. तेवढ्या तुकड्यासाठी कोणी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवणार नाही. पण डिस्कवरचा हा तुकडा दिसला की सभ्य, शांत, पेन्शनीत निघालेल्या माणसाच्याही मनात तीन प्रश्न उभे राहतात. हे कोणी ठेवलं? कोणाला विचारून ठेवलं? आणि काढायचं कसं?

आमच्या शेजारचे काका याच वाटेने गेले. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यात सोसायटीचा माजी खजिनदार. जिन्याखालच्या जागेत कोणाची सायकल किती महिने उभी आहे याची नोंद त्यांच्याकडे असायची. त्यांनी डिस्क मॅनेजमेंटमधले सगळे चौकोन एका कागदावर मांडले, बेरीज केली आणि संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

“हे बघा. बेरीज जुळत नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत काढली. शून्य पूर्णांक शून्य दोन जीबी कमी येतात.”

“काका, एवढं चालायचंच.”

“चालायचंच म्हणून चालत नाही. सोळा-वीस एमबी कुठेतरी आहेत आणि ते दाखवत नाहीत.”

काकांचा हिशोब पक्का होता. विंडोजच्या नव्या पद्धतीच्या डिस्कवर १६ एमबीचं एक ‘मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड पार्टिशन’ असतं, आणि डिस्क मॅनेजमेंट ते खरोखरच दाखवत नाही. डिस्कपार्ट नावाच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला तर यादीत ते येतं. मी ते काढून दाखवलं. काकांचा चेहरा उजळला. सापडलेल्या चुकीपेक्षा सापडलेली शिल्लक त्यांना जास्त आवडते.

“आत काय आहे?”

“काही नाही.”

“म्हणजे रिकामं?”

“रिकामंही म्हणता येत नाही. फाइल ठेवायची सोयच नाही तिथे. पुढेमागे विंडोजला डिस्कची मांडणी बदलायची झाली तर हाताशी असावी म्हणून राखलेली जागा.”

“मग बदलतात का मांडणी?”

हा प्रश्न खजिनदाराचाच. या राखीव जागेचा एक मोठा उपयोग साध्या डिस्कची ‘डायनॅमिक डिस्क’ करताना होणार होता, आणि ही डायनॅमिक डिस्कच मायक्रोसॉफ्टने आता मोडीत काढली आहे. घरगुती संगणकावर त्या १६ एमबीला काम लागायचा योग जवळजवळ नाहीच. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी लगेच सर्वसाधारण सभा बोलावली असती.

खरं तर डिस्कचे भाग पाडणं आपल्याला मुळीच नवं नाही. आयबीएमचा पीसी एक्सटी १९८३ साली आला तेव्हा त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवर काढलेले तीन-चार फोटो तिच्यात मावले असते. पण त्याच वर्षी आलेल्या डॉस २.० मध्ये एफडिस्क नावाचा प्रोग्राम होता आणि त्या एवढ्याशा डिस्कच्याही चार वाटण्या करता येत होत्या, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमना शेजारी शेजारी नांदता यावं म्हणून. वाटणीपत्र डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असायचं. त्यातले ६४ बाइट वाटणीसाठी, एकेका हिस्सेदाराला १६. म्हणून चारच हिस्सेदार. पाचवा आला तर चौघांपैकी एकाच्या पोटात त्याला पोटभाडेकरू म्हणून राहावं लागे. पुढे डॉस ३ च्या काळात एका भागाला ३२ एमबीची मर्यादा होती, त्यामुळे ४० एमबीची डिस्क घेणाऱ्याला ३२ ची सी आणि ८ ची डी अशी मांडणी करावी लागायची. नाइलाजाने पडलेला छोटा तुकडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे ही विद्या घरोघरी पोचली ती असेंबल केलेल्या पीसीतून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, किंवा गावातल्याच एखाद्या हुशार मुलाकडून पीसी बनवून घेतला की तो शेवटी विचारायचा, “पार्टिशन किती करू?” आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. मग ठरायचं. सी म्हणजे विंडोज, डी म्हणजे बाबांचं काम, ई म्हणजे गाणी, एफ म्हणजे फोटो. व्हायरस आला की सीवर फॉरमॅट मारायचा आणि बाकीच्या ड्राइव्हना हात लावायचा नाही. फॉरमॅट मारणारा मुलगा प्रत्येक वेळी “डीमध्ये काही महत्त्वाचं नाही ना?” असं विचारायचा आणि घरात क्षणभर कोणी बोलायचं नाही. कित्येकांचे लग्नाचे फोटो आज शाबूत आहेत ते या वाटण्यांच्या पुण्याईवर.

पण त्या वाटण्या आपण केलेल्या होत्या. अक्षरं आपण दिली होती. हा शंभर एमबीचा तुकडा आपल्याला न विचारता पडलेला आहे, आणि सगळा राग तिथेच आहे.

तो पडला कसा, याची हकीकत साधी आहे. विंडोज व्हिस्टामध्ये बिटलॉकर आलं, म्हणजे सगळी डिस्क कुलूपबंद करायची सोय. पण संगणक सुरू होताना पहिल्यांदा जो प्रोग्राम चालतो तोच कुलपाच्या आत असेल तर कुलूप उघडायचं कोणी? म्हणून त्याला बाहेर एक वेगळी खोली हवी. व्हिस्टामध्ये ही खोली दीड जीबीची लागे आणि बहुधा ती आपली आपणच बांधावी लागे. साहजिकच कोणी बांधली नाही. २००९ च्या विंडोज ७ ने मग ती स्वतःच बांधून टाकली, १०० एमबीची, बिटलॉकर वापरा वा वापरू नका. विंडोज ८ मध्ये ती ३५० एमबीची झाली, १० मध्ये ५००. पंपाच्या खोलीचंही असंच होतं. आधी पंप असतो, मग शेजारी दुसरा पंप, मग वॉचमनची खुर्ची.

आत राहतं कोण? बूट मॅनेजर आणि त्याची एक वही. विंडोज कोणत्या भागात आहे, एकापेक्षा जास्त असतील तर कोणतं उठवायचं, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. बटण दाबल्यावर संगणक पहिल्यांदा इथे येतो, पत्ता विचारतो आणि मग सी ड्राइव्हकडे जातो. सी ड्राइव्ह कुठे आहे हे सी ड्राइव्हला विचारता येत नाही. रिकव्हरी पार्टिशनचं काम वेगळं. विंडोज पार झोपलं, सुरूच होईना, तर दुरुस्तीपुरतं एक छोटं विंडोज तिथे तयार ठेवलेलं असतं. उंच इमारतीत आग लागली तर माणसांनी जमावं म्हणून मोकळा सोडलेला रेफ्यूज एरिया असतो, तसं. आणि रेफ्यूज एरियाचं आपण काय करतो हे सगळ्या सोसायट्यांना माहीत आहे. कोणी जुना सोफा ठेवतं, कोणी बारशाच्या पंगती उठवतं, आणि फायर ऑडिटच्या आदल्या रात्री सगळा मजला सोफा उचलायला जमतो.

लॅपटॉपवरही हेच झालं. कंपन्यांनी सोबत सीडी द्यायची बंद केली आणि त्याऐवजी दहा-पंधरा जीबीचा ‘रिकव्हरी’ नावाचा डी ड्राइव्ह आत ठेवून दिला, तोही अक्षरासकट. डी दिसल्यावर आपला हात थांबतो थोडाच! वर्षानुवर्षांची सवय: डी म्हणजे बाबांचं काम. लोकांनी त्यात पगाराच्या पावत्या ठेवल्या, सहलीचे फोटो ठेवले, आणि तो लाल होऊन जागा संपल्याची ओरड करू लागला तेव्हा आत आधीपासून पडलेल्या अनोळखी फाइली डिलीट करून स्वतःच्या फोटोंना जागा करून दिली. पुढे लॅपटॉप बिघडला तेव्हा मूळ अवस्थेला जायचा रस्ता त्या फोटोंखाली गाडला गेलेला होता.

एप्रिल २०१८ च्या विंडोज १० अपडेटनंतर तर गंमतच झाली. अनेकांच्या संगणकांवर आजवर लपून राहिलेल्या रिकव्हरी पार्टिशनला अचानक एक अक्षर मिळालं. रात्री झोपताना घरात सी होता, सकाळी शेजारी ई ड्राइव्ह. आकार साडेचारशे-पाचशे एमबी, जवळजवळ पूर्ण भरलेला, लाल. आणि दर थोड्या वेळाने कोपऱ्यातून सूचना: जागा संपत आली आहे, काहीतरी काढा. उघडून बघावं तर काढण्यासारखं काही दिसत नाही, कारण आतलं सगळं लपवलेलं. लोकांनी सी साफ केला, रीसायकल बिन उपसला, अँटिव्हायरस चालवला. लाल पट्टी तशीच. उपाय अगदीच किरकोळ निघाला. डिस्कपार्टमध्ये जाऊन त्या ड्राइव्हचं फक्त अक्षर काढून घ्यायचं. अक्षर गेलं की विंडोज त्याच्याकडे बघायचं थांबतं, सूचना बंद होतात. जागा तेवढीच भरलेली राहते, पण आता कोणाची तक्रार नसते. सोसायटीच्या दारावरच्या पाटीवरून नाव काढलं की भाडेकरू राहतोच आहे हे सगळे विसरतात, त्यातलाच प्रकार.

आणि मग २०२४ चा जानेवारी. याच रिकव्हरी पार्टिशनमध्ये बिटलॉकरला बगल देता येईल अशी एक फट सापडली आणि ती बुजवायला विंडोज १० साठी अपडेट आलं. ते कित्येक संगणकांवर बसेचना, कारण रिकव्हरीच्या खोलीत त्याला लागणारे २५० एमबी मोकळे नव्हते. खोली बांधली होती मायक्रोसॉफ्टनेच. कंपनीने मग वापरणाऱ्यांसाठी सूचना काढल्या: सी ड्राइव्ह २५० एमबीने आखडता घ्या, जुनी रिकव्हरी मोडा, नवी मोठी बांधा. काळ्या पडद्यावर, एकेक हुकूम टाइप करत. ज्यांनी कधी शंभर एमबी जास्त झाले म्हणून बोटं मोडली होती, त्यांच्यावर आता अडीचशे एमबी कमी पडले म्हणून भिंत सरकवायची वेळ आली. काही महिन्यांनी कंपनीने सांगून टाकलं की हे काम आपोआप होईल असा काही उपाय येणार नाही.

विंडोजला नावं ठेवून लिनक्सकडे गेलात तर तिथेही सुटका नाही. ईएक्सटी जातीच्या फाइल सिस्टीममध्ये ठरलेल्या मांडणीनुसार पाच टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते, डिस्क पूर्ण भरली तरी त्याला आत शिरून आवराआवर करता यावी म्हणून. एक टीबीच्या डिस्कवर हे पन्नास जीबी होतात. इंटेल चिपच्या जुन्या मॅकमध्ये २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन गुपचूप बसलेलं असतं. आणि एसएसडी तर आतल्या आत काही जागा कोणालाच, अगदी विंडोजलाही, न दाखवता बाजूला ठेवते. काही कप्पे झिजले की त्यांच्या जागी ते वापरायचे असतात. ही जागा काकांच्या कोणत्याही बेरजेत येणार नाही. हेही मी त्यांना सांगितलेलं नाही.

पण सगळ्यात गमतीची गोष्ट मला काकांच्या सी ड्राइव्हवर दिसली. त्यांच्याच परवानगीने मी तो उघडला होता. मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो तीन वेगवेगळ्या फोल्डरांत, तिन्ही सारखेच. ‘नवीन फोल्डर’, त्याच्या आत ‘नवीन फोल्डर २’, त्याच्या आत रिकामं. व्हॉट्सॲपवरून उतरलेली सुप्रभाताची फुलं, प्रत्येक सणाची शुभेच्छापत्रं, एकच प्राणायामाचा व्हिडिओ दोनदा. मोजायला बसलो असतो तर शंभर एमबीची कितीतरी पार्टिशनं त्या फुलांतूनच निघाली असती. काकांना याचं काहीच वाटत नव्हतं. ती त्यांची फुलं होती. आपल्या घरातला पसारा आपण मोजत नाही. मोजतो ती दाराबाहेरची, आपल्या हाताला न लागणारी वीतभर जागा.

एवढं लिहून काकांना गप्प करता आलं असतं, पण तेही न्यायाचं झालं नसतं. कारण त्यांच्या कागदावर आणखी एक ओळ होती. त्यांच्या डिस्कवर रिकव्हरी पार्टिशनं दोन होती. एक अगदी सुरुवातीला, साडेचारशे एमबीचं, आणि एक शेवटी.

“एका इमारतीला दोन रेफ्यूज कशाला?” त्यांनी विचारलं.

त्यांची सून बंगळुरूला आयटीत आहे. तिला फोन लावला.

“बाबा, थांबा. आधी कोणतं ड्यूटीवर आहे ते बघू,” ती म्हणाली. तिने एक हुकूम टाइप करायला सांगितला. पडद्यावर उत्तर आलं: चालू रिकव्हरी ती शेवटची. मोठं अपडेट आलं आणि जुनी खोली अपुरी पडली की विंडोज कधी कधी नवी बांधतं आणि जुनी तशीच सोडून देतं. म्हणजे काकांचा संशय निम्मा खरा होता. त्या सगळ्या मुक्या चौकोनांमध्ये एक जण खरोखरच काही काम न करता बसलेला होता. हे ओळखायला संशय पुरेसा नव्हता, चौकशी लागली, एवढंच.

“काढून टाकू?” काकांनी विचारलं.

“काढा. पण बाबा, त्यातून सी वाढणार नाही हं.”

डिस्क मॅनेजमेंट एखादा भाग वाढवू शकतं ते फक्त त्याच्या उजव्या हाताला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. आणि ही जागा होती सीच्या डाव्या हाताला, मध्ये ईएफआय आणि ते न दिसणारे १६ एमबी. सुनेने हे दोनदा समजावून सांगितलं. काकांनी दोन्ही वेळा “बरं” म्हटलं आणि सगळा बॅकअप घेऊन तिच्या देखरेखीखाली ते पार्टिशन उडवलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या जागी काळ्या पट्टीचा एक चौकोन आला: ‘अनअलोकेटेड’.

काकांनी कागदावर जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: शिल्लक, ४५० एमबी.

“पण काका, ती वापरता येणार नाही,” मी म्हणालो.

“न येऊ दे,” कागदाची घडी घालत ते म्हणाले. “इतके दिवस दुसऱ्याची पडून होती. आता आपली पडून आहे.”